पंचेचाळीस मिलिमीटरचा धूळघाट

अकोटहून पोपटखेडकडे जाताना डाव्या हाताला हाडोळ्यांची रोपवाटिका लागते. मिरची-वांग्याच्या रोपांसाठी आसपासच्या गावांतले शेतकरी तिथे येतात, शेवंतीसाठी अकोल्याचे हारवाले येतात, आणि अलीकडे काही लोक निव्वळ रेल्वे बघायला येतात. लेकराला खांद्यावर बसवून येतात, तासभर उभे राहतात आणि जाताना संकोचाने एखादं तुळशीचं रोप विकत घेतात.

रोपवाटिका शकुनबाईंची. माहेर माळ्याचं, फुलशेतीवाल्यांचं. माती हातात घेऊन चुरली की तिला काय हवं ते त्यांना कळतं. त्यांचे यजमान किसनराव पस्तीस वर्षं रेल्वेत होते. गँगमन म्हणून लागले, मग चावीवाले झाले, म्हणजे खांद्यावर हातोडा टाकून रोज सहा-सात किलोमीटर लाइन पायी बघायची आणि सैल झालेल्या चाव्या, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या पाचरी, ठोकत जायचं. शेवटची अकरा वर्षं ते मेट होते, गँगचे मुकादम. त्यांचा टापू वान रोड ते धूळघाट, मेळघाटच्या जंगलातून खंडव्याकडे चढणारी मीटरगेज. धूळघाटाशी चढण एवढी की लाइन डोंगराला पूर्ण वेढा घालते आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून वर निघते. खिडकीशी बसलेल्याला खाली रूळ दिसतात आणि मग लक्षात येतं की थोड्या वेळापूर्वी आपण त्यांच्यावरूनच आलो.

२०१७ साली ती गाडी बंद झाली. पुढच्या वर्षी किसनराव रिटायर झाले आणि घरी येऊन बसले. रोपवाटिकेत त्यांना काम नव्हतं. तिथलं सगळं शकुनबाईंच्या आणि मैनाच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसलेलं होतं. मैना म्हणजे त्यांच्याकडे वीस वर्षं कामाला असलेली बाई. किसनरावांनी दोनदा रोपांना पाणी घातलं आणि दोन्ही वेळा जास्त घातलं. तिसऱ्या वेळी शकुनबाईंनी त्यांच्या हातातून झारी काढून घेतली.

असं एक-दीड वर्ष गेलं. मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते मागच्या रिकाम्या तुकड्यात खुंट्या ठोकून दोरी ताणताना दिसले.

"काय मोजून राह्यले?" शकुनबाईंनी विचारलं.

"धूळघाट."

"तो तं जंगलात हाये."

"होता. आता पटऱ्या काहाडून राह्यले तथच्या." त्यांनी दोरीला गाठ मारली. "अथी बसवतो. मीटरचे पंचेचाळीस मिलिमीटर केले, की सगळा घाट या तुकड्यात मावते. हिशेब केला म्या."

शकुनबाई थोडा वेळ त्या दोरीकडे बघत राहिल्या. त्या तुकड्यात त्या काही लावत नसत. नुसती चिकण काळी माती होती. "माया वाफ्याले पाय लागला नाई पाह्यजे," त्या म्हणाल्या आणि रोपांकडे निघून गेल्या. किसनरावांना तेवढी परवानगी पुरे होती.

सगळं हातानं झालं. परतवाड्याच्या एका सुतारमिस्त्रीकडून सागवानाचे तुकडे आणून त्यांनी हजारावर स्लीपर कापले, एकेक काडेपेटीपेक्षा जरा लांब. प्रत्येकाला करवतीनं दोन खाचा, खाचेत पितळी पट्टी उभी, आणि बाहेरून बांबूची बारीक चावी ठोकलेली. दोन पट्ट्यांच्या सांध्यात फट ठेवायची, कारण अकोटच्या उन्हात पितळ वाढतं. ती फट हॅक्सॉच्या एका पात्याएवढी. मुरमाचा डोंगर रचला, त्याला चार मीटर रुंदीचा वेढा, आणि वेढ्यावर लोखंडी पट्ट्यांचा पूल. गिट्टी त्यांनी चाळणीनं चाळून घेतली, सारख्या मापाची, आणि धुऊन पसरली.

इंजिन केलं मुलीनं. प्रणाली अमरावतीला आयटीआयमध्ये टर्नर विषय शिकवते. पोरांना लेथवर उभं करून दमात घेणारी ती बाई. सुटीच्या दिवशी तिनं स्वतः लेथवर चाकं कातली, बॅटरीवरच्या ड्रिलची मोटर पत्र्याच्या सांगाड्यात बसवली, वर डिझेल इंजिनचं घर केलं आणि त्याला घाटातल्या इंजिनाचाच जुना रंग दिला. मागे चार डबे.

"बाबा, मोटर ओढेल," ती म्हणाली, "पण लाइन तुमची एकसारखी पाहिजे. कुठं अर्धा मिलिमीटर वरखाली झालं तर डबा उतरेल."

"अर्धा मिलिमीटर?" किसनराव हसले. "बाई, म्या पस्तीस वर्सं हेच केलं."

संक्रांतीला गाडी धावली. वेढा चढून पुलावर आली, तेव्हा शेवटचा डबा अजून खालच्या वळणावर होता. किसनराव पुलाशी उकिडवे बसले होते. त्यांनी गाडी तीनदा चढवली आणि तीनदा उतरवली. शकुनबाई दुरून, शेवंतीच्या वाफ्यातून बघत होत्या. आपल्या नवऱ्याला काम करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. काम जंगलात असायचं आणि घरी यायचा तो दमलेला माणूस. आज पहिल्यांदा त्यांना दिसलं, की हा माणूस आपल्या कामात किती बारीक आहे. त्यांनी मैनाला हाक मारली, "ये वं, पाह्य इकडे." एवढंच म्हणाल्या, पण मैनाला त्यांचा चेहरा दिसला.

ऑगस्टपर्यंत लाइन सापासारखी झाली. काळी माती फुगली, कुठे दोन बोटं वर आली, कुठे तिरपी झाली. गाडी दहा हात जायची आणि आडवी व्हायची. किसनरावांनी सगळी लाइन उचलली. हिवाळ्यात खाली चार बोटं जाडीचं काँक्रीट टाकलं, त्यावर पुन्हा स्लीपर, पुन्हा गिट्टी. "आता हालून दाखव," ते जमिनीला म्हणाले.

जमीन एप्रिलमध्ये हलली. उन्हानं ती अशी आकसली की भेगांत हात जाऊ लागला. खालचा आधार गेल्यावर काँक्रीट सात ठिकाणी तडकलं आणि पूल एका बाजूला कलला. अकोटातले एक ओळखीचे गृहस्थ रोपं न्यायला आले होते, ते बघून म्हणाले, "जाऊ द्या किसनराव, खेळणंच तं आहे." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण किसनराव त्या दिवसापासून मागच्या तुकड्यात गेले नाहीत. गाडी त्यांनी पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. सकाळी पेपर वाचायचे, दुपारी झोपायचे, कोणी रेल्वेचं विचारलं तर विषय बदलायचे.

शकुनबाईंनी आठ-दहा दिवस हे पाहिलं. मग एका सकाळी त्यांनी खुरपं घेतलं आणि किसनरावांच्या हातातला पेपर बाजूला केला.

"उठा. एक गोठ दाखवाची हाये."

त्यांनी त्यांना तडकलेल्या लाइनीशी नेलं आणि भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग तिथून पाच-सहा पावलांवर मोगऱ्याची ओळ होती, तिथे नेलं.

"आता अथी घाला हात."

"अथी भेग कुठी हाये?"

"हेच म्हनून राह्यली मी. माती तेच हाये, ऊन तेच हाये. अथी भेग काहून नाई?"

किसनरावांनी वाकून मोगऱ्याखालची माती चाचपली.

"मोगऱ्याले बारा महिने ठिबक हाये," शकुनबाई म्हणाल्या. "कायी माती तहानली की आकसते, पानी भेटलं की फुगते. तुमी तिच्या डोक्यावर गोटा ठेवून तिले दाबून राह्यले. ते दबत नाई. तिले तहानच लागू देऊ नोका. पावसायात जेवढी वल असते, तेवढीच उन्हायात ठेवा. ते हालन कायले?"

"म्हंजे पटरीले पानी पाजू?" किसनरावांचा आवाज चढला. "शकुन, पस्तीस वर्सं म्या पटरीखालून पानी काहाडलं. नाल्या खंदल्या. पानी साचलं की लाइन गेली, हे लहान पोट्ट्यालेबी समजते. अन् तू मले सांगून राह्यली?"

"तुमाले पटरी समजते, मले माती समजते. पटरी कायच्यावर हाये?"

त्यावर किसनराव तडक घरात गेले. दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला ते अमरावतीला प्रणालीकडे गेले आणि चार दिवस राहिले. परत आले तेव्हा वेढ्याच्या अर्ध्या भागाला, लाइनीपासून दोन वितींवर, दोन्ही बाजूंनी काळ्या नळ्या पसरलेल्या होत्या. मैना भेगांत माती भरून पाणी सोडत होती. किसनराव फाटकातच उभे राहिले.

"अर्ध्यालेच लावली," शकुनबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "अर्धी तुमची, अर्धी मायी. पाहू."

ते खूप रागावले. दोन दिवस बोलले नाहीत. पण ते मेट होते, आणि मेटाला मोजल्याशिवाय राहवत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही भागांत लोखंडी सळया खोल ठोकल्या, त्यांवर खुणा केल्या आणि पाणसळ लावली. दर सोमवारी सकाळी ते लाइन किती वरखाली झाली याचं माप घेऊन वहीत लिहू लागले. शकुनबाईंना दाखवत नसत. त्याही विचारत नसत. मे गेला, जून गेला, पाऊस लागला, तरी सोमवार चुकला नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका सोमवारी ते माप घेऊन आले, ओट्यावर बसले आणि वही बराच वेळ उघडी ठेवून बघत राहिले. कोरडा भाग उन्हाळ्यात अडीच बोटं खाली गेला होता आणि पावसात तीन बोटं वर आला होता. ओला भाग दोन्ही वेळा एका जाड रेघेएवढाही हलला नव्हता.

शकुनबाई भाजी निवडत होत्या. किसनराव म्हणाले, "बाकीच्या भागाले नळी किती फूट लागन?"

शकुनबाईंनी फूट सांगितले. माफी कोणी मागितली नाही आणि कोणाला ती हवीही नव्हती.

त्या हिवाळ्यात लाइन तिसऱ्यांदा बसली. या वेळी काँक्रीट नव्हतं. खाली ओल धरलेली माती, तिच्यावर वीतभर ठोकलेला मुरूम, त्यावर गिट्टी, आणि बाजूला किसनरावांनी उतार धरून काढलेली नाली, म्हणजे पावसाचं वरचं पाणी गिट्टीत थांबणार नाही. खालून ओली, वरून कोरडी. शकुनबाईंनी डोंगरावर जंगल लावलं. करवंद आणि मधुकामिनी छाटून छाटून बुटकी केली, दऱ्यांत गवताचं बेट सोडलं, वान नदीच्या जागी चर काढून काठाला शेवाळ धरवलं. आडगाव, हिवरखेड, वान रोड, धूळघाट, डाबका, अशा पाच स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या प्रणालीनं रंगवल्या.

आणि मग उन्हाळा आला, पारा चव्वेचाळीसवर गेला, आणि गाडी धावत राहिली. पावसाळा आला, गाडी धावत राहिली.

तेव्हापासून त्यांची सकाळ ठरलेली आहे. किसनराव डाबक्याकडून निघतात, शकुनबाई आडगावकडून. ते चाव्या दाबून बघतात, सांध्यांतली फट बघतात, खारींनी आणून टाकलेल्या निंबोळ्या रुळावरून उचलतात. त्या टाचणीनं ठिबकची तोंडं मोकळी करतात, मातीत बोट घालून ओल पाहतात, मुंग्यांनी मुरूम उकरला असेल तर बुजवतात. पुलाशी दोघं भेटतात. "लाइन साफ?" "साफ." मग गाडी सुटते.

प्रणालीनं हे सगळं अमरावतीत मोहोड साहेबांना सांगितलं. ते तिच्याच वस्तीत राहतात. अकोल्याच्या बाजूचे जुने रेल्वे इंजिनिअर, लाइनीच्या देखभालीचे; किसनरावांचे बारा वर्षं वरिष्ठ होते. वय आता चौऱ्याहत्तर. "मी बघायला येतो," ते म्हणाले, आणि डिसेंबरातल्या एका रविवारी खरंच आले. सोबत किसनरावांच्या गँगमधले तिघे जुने सोबतीही होते.

किसनरावांनी आदल्या दिवशी गिट्टीतला पाला हातानं वेचला होता. साहेबांना चहा दिला तर ते म्हणाले, "चहा मागून. आधी लाइन."

ते गुडघे टेकून जमिनीवर बसले, एक डोळा मिटला आणि रुळाच्या रेषेत बघितलं. बराच वेळ. मग हात पुढे केला, "गेज दे." रुळांतलं अंतर मोजायला किसनरावांनी केलेलं पितळी गेज त्यांनी दहा-बारा ठिकाणी लावून पाहिलं. वेढ्यावर दोनदा पाहिलं.

"सांध्याला फट किती?"

"हॅक्सॉचं एक पातं, साहेब."

"उन्हाळ्यात मिटते?"

"मिटत आली की मग थांबते."

साहेबांनी मान हलवली आणि पुढे सरकले. मग थांबले. त्यांना नळी दिसली होती.

"हे काय आहे? लाइनीशेजारी पाण्याची नळी? दोन्ही बाजूंनी?" त्यांनी वर पाहिलं. "किसन, तू माझ्या हाताखाली होतास ना रे?"

तिघे सोबती किसनरावांकडे बघायला लागले. झाडांसाठी आहे, असं सांगून किसनरावांना सहज सुटता आलं असतं. रोपवाटिकाच होती ती.

"साहेब, ह्याचं उत्तर मी नाई देत. ज्यानं केलं त्याले इचारा." आणि त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "शकुन!"

चारचौघांत ते बायकोला नावानं कधी हाक मारत नसत. शकुनबाई रोपांच्या ट्रेमध्ये माती भरत होत्या, तशाच आल्या, हात कोपरापर्यंत काळे.

"साहेब इचारून राह्यले, पानी कायले देल्लं म्हनून. सांग."

शकुनबाईंनी सांगितलं. मोगऱ्यापासून सुरुवात केली आणि एका दमात सगळं सांगितलं. साहेब उलटसुलट विचारत होते.

"पावसाळ्यात काय करता?"

"बंद. पाऊस उघडला की तीन-चार दिवस वाट पाहाची, मग चालू."

"पाणी किती, हे कसं ठरवता?"

"बोटानं. वीतभर उकरून बोट घालाचं. माती गार लागली पाह्यजे, पन बोटाले चिकटली नाई पाह्यजे."

किसनरावांनी वही पुढे केली. साहेबांनी चष्मा लावून सोमवारचे आकडे पानोपान पाहिले, कोरड्या भागाचे आणि ओल्या भागाचे. वही मिटली.

"अकोला ते अकोट काळ्या मातीवरची लाइनही मी एकोणीस वर्षं सांभाळली," ते सावकाश म्हणाले. "दर उन्हाळ्यात भेगा बुजवायचो, दर पावसाळ्यात लाइन सरळ करायचो. हे मला कधी कोणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं असतं तं सांगतलं असतं," शकुनबाई म्हणाल्या. "लाइनीच्या काठानं आमचंच वावर होतं, माया बापाचं."

मग साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की त्यांना खोकला आला. प्रणाली पाणी आणायला धावली. सोबतीही हसले, आणि किसनराव सगळ्यांच्या वर हसले.

गाडी सोडली. मोहोड साहेबांनी पहिल्या डब्याच्या टपावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी स्वतः ठेवली. गाडी आडगाव सोडून वान रोडला आली, वेढ्यावर चढली. इंजिनाचा आवाज खोल झाला, वेग उतरला, पण थांबली नाही. साहेब गाडीच्या बरोबरीनं वाकून चालत होते, डोळे वाटीवर. पुलावरून पलीकडे गेली, डाबक्याला लागली. टप कोरडा होता. साहेबांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं.

जाण्याआधी फोटो काढायचं ठरलं. रेल्वेत गँगला बक्षीस मिळालं की फोटो निघायचा. खुर्च्यांवर साहेब आणि मेट, मागे गँग उभी. सोबत्यांनी सवयीनं दोन खुर्च्या पुलासमोर मांडल्या आणि किसनरावांना धरून बसवायला लागले. किसनराव बसले नाहीत.

"ते खुर्ची तियची हाये," ते म्हणाले. "मी मांगं उभा राह्यतो."

"काहीतरीच काय?" शकुनबाई मागे सरकल्या. "मले हात तं धुवू द्या."

"नोको धुवू. तशीच बस."

"बसा बाई," मोहोड साहेब म्हणाले, "मेट उभा असल्यावर मला बसता येत नाही."

शकुनबाई बसल्या. काळे हात मांडीवर ठेवले, आधी पालथे, मग उताणे. फोटोत त्यांची मान ताठ आहे आणि त्या हसत नाहीत, पण मागे उभे असलेले किसनराव इतके हसत आहेत की त्यांचे डोळे मिटलेले आले आहेत.

तो फोटो आता रोपवाटिकेत, ट्रे मोजून देतात त्या टेबलामागे लावलेला आहे. ह्या बाई कोण म्हणून कोणी विचारलं की किसनराव पहिल्यापासून सांगायला बसतात, मोगऱ्यापासून, मधलं काही न गाळता. गिऱ्हाईकाची रोपं तोवर उन्हात सुकत उभी असतात. मग आतून शकुनबाईंचा आवाज येतो, "अवो, पह्यले रोपं तं सावलीत ठेवा त्यायचे!"